बिनधारेची सुरी

"आबा, पोरगी आत्ता कुठे डोळे मिटतेय. तेवढी खरखर थांबवाल का हो?"

गच्चीच्या मधल्या भिंतीवरून वाकून रूपा म्हणाली. पलीकडे लीलाधर आबांनी हातातली कानस चोरी पकडली गेल्यासारखी वर धरली. आबा शेजारचे, आयटीआयमध्ये मुलांना शिकवून निवृत्त झालेले. देवपुरातल्या त्या कॉलनीत दुपारी आवाज असा त्यांचाच.

"थांबतो, ताई. सुरी करतोय. नवीन नाद."

सुरी म्हटल्याबरोबर रूपा दोन पावलं मागे सरकली. आबा हसले. "अहो, अजून नुसती पट्टी आहे. वखारीतली जुनी करवत. हात लावून बघा, हिनं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही."

रूपा भीत होती ती निराळ्याच गोष्टीला, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी चिमी झाली तेव्हा साक्रीहून सासू मंजुळाबाई आल्या होत्या. पाचवीची पूजा झाली आणि मंजुळाबाईंनी बाळाच्या उशाखाली विळा सरकवला. रीतच होती ती, वाईटसाईट जवळ येऊ नये म्हणून. मग सगळे खाली जेवायला गेले. खोलीत रूपा आणि बाळ. आणि तिच्या मनात आलं, विळा इथे आहे, बाळ इथे आहे, आणि माझा हात इथे आहे. पुढचं मनाने बोलू नये म्हणून ती पंगत उठेपर्यंत स्वतःच्या हातांवर बसून राहिली होती.

तेव्हापासून चिमी जवळ असताना तिने पातं म्हणून हातात धरलं नाही. नवरा, नवल, नरडाण्याला कामावर निघण्याआधी भाजी चिरून ठेवायचा आणि चिरता चिरता चिडवायचा, "एमएस्सी झालेली बाई, आणि कांद्याला घाबरते!" कांद्याला घाबरते असं वाटतंय त्याला, तर वाटू दे. बाकीचं सांगायचं कसं? स्वतःच्या हातांवर विश्वास नसलेली आई. ऐकल्यावर तोच चिमीला आपल्यापासून उचलून घेईल, आणि आपल्यालाही ते बरोबरच वाटेल, याचं तिला जास्त भय होतं.

भिंतीवरून हात लांबवून तिने पट्टीला बोट लावलं. गार, मुकं लोखंड. नदीतल्या दगडासारखं. ही सुरी होणार, पण अजून झालेली नाही. मग होते कधी? नेमक्या कुठल्या घटकेला पट्टीची सुरी होते आणि आपल्याला तिचं भय वाटायला लागतं?

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आबा, मला द्याल एक पट्टी?"

चिमी झोपली की ती गच्चीवर यायची. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. दोन्हीकडे दाबली की कानसही मरते आणि लोखंडही रुसतं. सगळं धुळे उन्हात झोपलेलं. लोखंडाचा बारीक चुरा बोटांवर बसायचा, पिठासारखा, फक्त काळा. त्या लयीत रूपाला अधूनमधून वाटायचं, आपण काही करतच नाही आहोत, आत लपलेलं काहीतरी हळूहळू वर येतंय, तळ्यातला मासा यावा तसं. पण पहिलं पातं एका बाजूने उतरतं आणि दुसऱ्या बाजूने जिन्यासारखं झालं. नवलने ते उलटसुलट पाहिलं. "छान झालंय उलथनं."

दुसरं पातं बरं जमलं आणि तेच गेलं. विटांच्या छोट्या भट्टीत कोळसे, वारा द्यायला आबांच्या लेकीचा केस वाळवायचा ड्रायर. आबा एरवी दिवे लागायच्या वेळी भट्टी पेटवत, पण रूपाला दुपारच मोकळी. "लाल झालं की सांगा," आबा म्हणाले. ती डोळे ताणून बघत राहिली. भर एप्रिलचं ऊन. कोळसे पांढरे, आभाळ पांढरं, लोखंडही राखेच्याच रंगाचं. लाल काही दिसेना. शेवटी आबांनीच घाईने पातं तेलात बुडवलं. नंतर जरा वाकवून पाहिलं तर कट्कन मोडलं. मोडलेल्या जागी खडीसाखरेसारखे जाड कण चमकत होते.

"फार तापलं," आबा कपाळावर हात मारून म्हणाले. "उन्हात लाली दिसत नाही, एवढं मला सुचू नये?"

मग रूपानेच घरातली घोंगडी आणली. भट्टीच्या वर दोन दोऱ्यांवर ती ताणली, आणि भर दुपारी तिच्याखाली संध्याकाळ झाली. त्या काळोखात तिसरं पातं आधी जांभळं झालं, मग डाळिंबाच्या दाण्यासारखं. आबांनी चुंबक टेकवलं. चिकटलं नाही. ठराविक तापलं की लोखंड चुंबकाला ओळख देत नाही, आबांनी सांगितलं होतं. पण डोळ्यांसमोर ते पाहताना रूपाच्या अंगावर काटा आला. ओळखच विसरायची, आणि गार झाल्यावर नवं होऊन यायचं.

शेंगदाण्याच्या तेलात पातं चर्र करून उतरलं. वास आत पोहोचला. चिमी डोळे चोळत दारात उभी.

"आबा, भजी केली?"

आबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

पुढे ठिसूळपणा जावा म्हणून पातं आबांच्या ओव्हनमध्ये पुन्हा मंद तापवलं, तेव्हा त्यावर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढला. बाभळीची मूठ बसली. रूपाच्या तळहातात ती अशी बसायची की जणू हातानेच ती मोठी केली होती. सगळं झालं. राहिली ती धार.

"ती तुमची तुम्ही लावा," म्हणून आबांनी दगडही दिला. रूपाने सुरी फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. म्हणजे घटका ही होती तर. कित्येक दुपारी ती जिच्याकडे चालत आली ती जागा हीच, आणि आता पाऊल उचलत नव्हतं.

चैत्र सरता सरता मंजुळाबाई साक्रीच्या एसटीने आल्या, पिशवीत भलंमोठं टरबूज घेऊन. चिमी त्याला मिठी मारून बसली. सासूबाईंनी स्वयंपाकघर धुंडाळलं, आणि शेवटी कपाटावरचं फडकं सोडलं.

"रूपा, हिले धार का नही शे व? इतली साजरी सुरी!"

"मी केलीय ती, आई."

"तू?" मंजुळाबाईंनी पात्यावरून अंगठा फिरवला. "मंग धार लावाले काय व्हयनं?"

रूपाने चिमीकडे पाहिलं. ती टरबुजाशी काहीतरी बोलत होती. आणि रूपाने सांगून टाकलं. विळा, उशी, स्वतःचे हात. सांगताना आवाज इतका खाली गेला की सासूबाईंना पुढे वाकावं लागलं.

मंजुळाबाईंनी सुरी फडक्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "नवलना येळे मनी सासूनीबी ठेवा व्हता. मी तो उचला आनि चाराना गंजीम्हान खुपशी दिन्हा. सासूनी इचारं, तं सांगी दिन्हं, उंदीर लई गया."

"विळा? उंदराने?"

"मंग काय सांगू? माले मनाच हातनं भ्याव लागस, आसं?"

रूपाला हसू आलं. म्हणजे यांनाही स्वतःच्याच हातांचं भय वाटलं होतं! "मग माझ्या वेळी का ठेवलात, आई?"

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "पोऱ्या मोठा व्हयना, बठ्ठं भुलाई गयं व. ध्यानम्हाच ऱ्हायनं नही."

रूपाने दगड भिजवला. फरशीवर मांडी घालून ती बसली. एक बाजू, दुसरी बाजू. पाणी करडं होत गेलं. मंजुळाबाईंनी चिमीला उचललं नाही की बाहेर नेलं नाही. बसल्या जागी पाय पसरले फक्त.

सुरी टरबुजात शिरली आणि ते आपल्या आपणच तडकत दुभंगलं. चिमी आईच्या गुडघ्याला रेलून तोंड उघडून बसली. रूपा फोडी करत गेली. एक चिमीच्या हातात, एक ताटात, पुन्हा एक. रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तो तिने पुसला नाही. ताट भरलं, दुसरं भरलं, चिमीचं पोट भरलं, ती चिकट गाल घेऊन तिथेच आडवी झाली. तरी रूपा कापतच होती.

"अवं, कोन खाई इतलं?" मंजुळाबाई म्हणाल्या, आणि ताट जवळ ओढून त्यांनी एक फोड उचलली.