आज्यांच्या शर्यतीत मी नव्हतो

मी बूट बोलतोय. जोडीतला डावा. उजवाही इथंच शेजारी आहे, पण तो अबोल. मला मात्र गप्प बसवत नाही. खरं तर मला बसवतच नाही. पळण्यासाठी केलेल्या वस्तूला उंबऱ्याशी ठेवून दिलं की तिच्या जिवाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. गरम साचा, डिंकाचा वास, मग अंधारं खोकं. उजेड पाहिला तो डोंगरातल्या नारीन शहराच्या बाजारात. माप मोठं, पुढून रुंद, तळ जाड आणि कडक, रंग ओल्या राखेचा. दुकानदारानं आम्हाला नाडीनं खिळ्याला टांगलं होतं. येणारा-जाणारा हात लावायचा, "हे बूट की होडकी?" म्हणायचा आणि पुढे जायचा. वारा सुटला की मी हलायचो. तेवढंच माझं चालणं.

कालीपा आली ती थंडी तोंडावर आलेली असताना, दुपार कलल्यावर. मुद्दाम त्या वेळी आली होती, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतात आणि सुजलेल्या पायाचं माप खरं असतं, असं ती सोबतच्या नवऱ्याला सांगत होती. पन्नाशी ओलांडलेली, दारातून जरा तिरकी होऊन आत येणारी बाई. दुकानदारानं गुलाबी जोड पुढे केला.

"मावशी, हे बघा. कापसासारखे मऊ."

तिनं अंगठ्यानं तळ दाबला. खड्डा पडला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"मी उभी राहिले की याचा पापुद्रा होईल," ती म्हणाली. "तो राखाडी काढ."

"तो पुरुषांचा आहे."

"माझ्या पायाला कुठं कळतंय?"

कालीपाचं आयुष्य लोकर तुडवून नमदे, म्हणजे जाड लोकरी बैठका, करण्यात गेलेलं. नमदा पक्का की कच्चा, हे ती अंगठ्यानं ओळखते. तिनं मला दाबलं. मी दबलो आणि लगेच वर आलो. तिनं खिशातून जाड लोकरी मोजा काढला, पायात चढवला, मग मला घातलं. बोटांच्या पुढे अंगठाभर जागा उरली. टाच हलली नाही. "चालेल," ती म्हणाली. मला वाटलं, आत्ताच पळणार. तिनं मला पिशवीत घातलं.

तिला पळायचं कशासाठी होतं, ते घरी आल्यावर कळलं. तिचा नातू बेकतूर भिंत धरून उभा राहू लागला होता. आमच्याकडे पोर पाऊल टाकायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा बांधतात, शर्यत लावतात, आणि जिंकणारा तो दोरा कापतो. कापणाऱ्याची चाल पोराला लागते, असं सगळे मानतात. दोरा कापायचा हट्ट दोन्ही आज्यांनी धरला होता. शेवटी कालीपाचा नवरा तुर्दाकून म्हणाला होता, "बर्फ वितळलं की आज्यांचीच शर्यत लावू. पहिली येईल तिच्या हातात सुरी."

सगळे हसले होते, कारण निकाल सगळ्यांना ठाऊक होता. दुसरी आजी, म्हणजे विहीण शारापात, काठीसारखी सडसडीत आणि वाऱ्यासारखी चालणारी. त्यातच कालीपाची नणंद बातमा बोलून गेली होती, "वहिनी, तू दोरा कापलास तर पोरगं बदकासारखं चालेल हं."

कालीपा हसली नव्हती. त्याच आठवड्यात ती बाजारात आली होती.

पहिल्या सकाळी तिनं अंगावर काय काय चढवलं ते सांगतो. सुती बंडी, त्यावर दोन स्वेटर, त्यावर कापूस भरलेला लांब कोट, शाल, आणि डोक्याला कोल्ह्याच्या कातड्याची टोपी. पळत गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती आतून घामानं चिंब झाली. मग तशीच गाईची धार काढायला बसली. सुती बंडी पाठीवर गोठली. त्यानंतरचे कितीतरी दिवस ती खोकत पडून होती आणि मी दाराशी तळमळत होतो.

"झाली हौस?" बातमानं विचारलं.

"हौस नाही झाली. कपडे चुकले," कालीपा म्हणाली.

अंथरुणात पडल्या पडल्या तिनं विचार केला असणार. उठल्यावर तिनं सुती बंडी पेटीत टाकली. तुर्दाकूनचा जुना, पातळ लोकरी सदरा थेट अंगाला लागेल असा घातला. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वर एक पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. तेही पुरुषांचंच, कारण बायकांचं पुढे जुळत नव्हतं. डोक्याला नुसता रुमाल, कान झाकून. मांड्या एकमेकींना घासून सोलवटत, म्हणून मेंढीच्या शेपटीची चरबी चोळून मग मांड्यांपर्यंत येणारे लोकरी पायमोजे आणि वर सैल विजार. फाटकाशी उभं राहून ती थंडीनं थरथरायची. थरथरली नाही, तर पळताना घाम फुटेल म्हणून परत आत जाऊन एक कपडा उतरवून यायची.

आमच्या गावात बाईमाणूस पळालं तर कुणीतरी गेलं किंवा गाय हरवली, एवढंच समजतात. शेजारचा ओमुर घोड्यावरून मागे आला.

"कालीपावहिनी, काय झालं? गाय सुटली का?"

"नाही."

"मग बसा मागे, सोडतो."

"मला कुठं जायचं नाहीये, ओमुर."

तो बराच वेळ आमच्या शेजारून घोडा चालवत विचार करत राहिला. "मग घाई कसली?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

रस्त्याकडेला पॉपलरची रांग आहे. एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत चालायचं, तिथून पुढच्यापर्यंत पळायचं. तिचा भार माझ्यावर यायचा, मी दबायचो आणि उसळायचो. खरं सांगतो, त्याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात नाही. हळूहळू चालायची झाडं कमी झाली. तिच्या पापण्यांवर बर्फ धरायचं, श्वास आधी फाटक्या भात्यासारखा असायचा, मग एकसारखा झाला. कुत्री भुंकायची थांबली. वादळाच्या दिवशी मात्र आम्हाला बाहेर पडता यायचं नाही. ती चहाला बसायची आणि तिची टाच खाली ठकठक वाजायची. दाराशी मी, तिथं ती. दोघांनाही चैन नसायची.

एकदा ओला झालो म्हणून तिनं मला चुलीला टेकवून ठेवलं. माझी कड उकलली. तिनं डिंक लावून दगडाखाली दाबलं, आणि पुढे ओला झालो की माझ्यात सुकी लोकर कोंबायला लागली. माणसं चुकतात, पण हिच्यासारखी तीच चूक पुन्हा न करणारी थोडी.

शर्यतीचा दिवस आला. नदीकाठचं मैदान नुकतं हिरवं झालेलं. पांढऱ्या नमद्यावर बेकतूरला उभं केलेलं, पायांत दोरा, दोन्हीकडून आईबापांनी त्याला धरलेलं. तिथून निघायचं, लांबच्या एकट्या वाळुंजाच्या झाडाला वळसा घालायचा आणि परत. दोघींसोबत गावातल्या आणखी तीन हौशी आज्या उभ्या राहिल्या. मी नाडी घट्ट आवळून तयार.

शारापातनं रबरी बूट भिरकावून दिले आणि कालीपाच्या पायांकडे पाहिलं.

"विहीणबाई, हे काय? मोटार आणलीत?"

"बूट आहेत."

"मग मला ओमुरचा घोडा द्या."

बायका हसू लागल्या. कुणी म्हणालं, खरंच की, सारखं असावं. तुर्दाकूननं टोपी मागे सारली. "सगळ्या अनवाणी," तो म्हणाला.

कालीपानं वाकून नाडी सोडली. नमद्याच्या कडेला आम्हाला शेजारी शेजारी ठेवून ती रेषेवर गेली. अख्खी थंडी मी तिच्यासाठी झिजलो होतो, आणि आता गवतात पडून बघायचं होतं. त्यातून एक भीती मला खाऊ लागली. शारापात अंगणात अनवाणी वावरणारी. कालीपाचे तळवे तर मीच मऊ करून ठेवले होते.

तुर्दाकूननं इशाऱ्याचा रुमाल खाली टाकला. जमिनीलगत मला पायच दिसत होते, तेही थोडा वेळ. मग नुसती ओरड. "शारापात पुढे! खूप पुढे!" बातमाचा आवाज मी ओळखला. मी जमिनीकडे लक्ष लावलं. ओल्या मातीतून ठोका येत होता. एक ठोका हलका, भरभर आणि मध्येच चुकणारा. त्याच्या मागे दुसरा, जड, एकसारखा. तो मला पाठ होता. झाडापासून झाडापर्यंत, थांबायचं नाही. हलका ठोका चुकत गेला. जड ठोका तसाच येत राहिला, जवळ आला, माझ्या शेजारून गेला. चिखलानं भरलेला, खरचटलेला रुंद पाय पांढऱ्या नमद्यावर पहिला पडला.

तुर्दाकूननं सुरी दिली. कालीपानं बातमाकडे एकदा पाहिलं आणि दोरा कापला.

आईबापांनी हात सोडले. बेकतूरनं एक पाऊल टाकलं. डावीकडे झुकला. दुसरं टाकलं, उजवीकडे झुकला.

"बघा," बातमा पुटपुटली. "बदक."

शारापात गवतात बसली होती, बरगडीवर हात दाबून, धापा टाकत. "बदकच," ती म्हणाली. "मला मागे टाकून गेलं ते."

आधी तुर्दाकून हसला, मग सगळे. बेकतूर झुलत झुलत माझ्यापर्यंत आला, माझी नाडी धरली आणि धपकन बसला.

आता मी म्हातारा झालोय. परवा कालीपानं मला अंगठ्यानं दाबलं. मी दबलो, पण वर यायला वेळ लागला. तिनं पुन्हा एकदा दाबून पाहिलं, मग मला गोठ्यात जाताना घालायला ठेवून दिलं. नवा जोडही राखाडीच आणलाय. पहाटे तो बाहेर पडतो, आणि फाटकाशी शारापातही थरथरत उभी असते, नव्या बुटांत. मी ठोके ऐकत राहतो, नदीच्या वळणापर्यंत.

तुम्ही अंगानं भारी असाल तर माझं एवढंच ऐका. आमचा रंग बघू नका, तळ दाबून बघा. दाराशी थंडी वाजली तर घाबरू नका, निघा. आम्हाला चुलीशी ठेवू नका. आणि विकत आणलंत, तर वाट बघायला लावू नका.

दुपारी बेकतूर येतो. एक पाय माझ्यात घालतो, एक उजव्यात. फरफटत अंगणापर्यंत नेतो. तिथं आम्ही त्याच्या पायांतून निसटतो. कुणीतरी या नाड्या बांधा रे. मी अजून निघायला तयार आहे.