राजाच्या गालावरची चीर

हातानं ठोकलेली दोन नाणी जुळी नसतात. हे वाक्य मी आमच्या गल्लीत इतक्या वेळा ऐकवलंय की पोरं मला पाहून आधीच म्हणतात, "माहीत आहे मास्तरकाका, जुळी नसतात." म्हणू देत. एकानं ठसा धरायचा, दुसऱ्यानं हातोडा हाणायचा. हात जरा हलला की एका राजाचं नाक निसटतं, दुसऱ्याचा कान. तशी दोन नाणी हुबेहूब सारखी दिसली तर समजायचं, त्यातलं एक तरी खोटं आहे.

मी शाळेतला मास्तर नव्हे. नाव धुडकू, गाव अमळनेरकडचं. सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये एकतीस वर्षं कलर मास्टर होतो, तेव्हापासून मास्तर. दोन साड्यांच्या लालात केसाएवढा फरक असला तरी मी उभ्या उभ्या सांगायचो, आणि सांगून झाल्यावर कोणी वाद घातला तर त्याची खैर नसायची.

नाण्यांचा नाद सुरतेनंच लावला. भागळकडे चांदी गाळणारा एक कारागीर होता. मोडीत आलेल्या तोरड्या-करगोट्यांत त्याला कधीकधी नखाएवढी नाणी सापडत. ती भट्टीत जायच्या आधी मी विकत घ्यायचो. क्षत्रपांची नाणी. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला तीन टेकड्या, वर चंद्र, खाली नदीची नागमोडी रेघ. आणि भोवती राजाच्या नावासोबत त्याच्या बापाचंही नाव. मला हेच फार आवडलं. सतराशे वर्षांपूर्वीचा राजा, पण बापाचं नाव टाळलं नाही.

पेटीत कुलूप लावून नाणी ठेवणारी माणसं मला पटत नाहीत. आमच्या गल्लीतलं पोर दहावी पास झालं की मी त्याला एक नाणं द्यायचो, सोबत माझ्या हातची चिठ्ठी: राजा कोण, बाप कोण, साल कुठलं, नाण्यावर खूण काय. पंधरा वर्षांत एकोणीस नाणी गेली. पहिलं दिलं ते माझ्याच मुलीला, हर्षदाला. तिचं लग्न होऊन ती बारडोलीला गेली, पण नाणं आमच्या देव्हाऱ्यातच ठेवून गेली, म्हणाली, तुम्हाला करमणार नाही.

लोकांनी नाण्यांचे देव केले, त्याला माझा इलाज नव्हता. रोजच्या हळदीकुंकवानं राजाचं तोंड बुजून जायचं. म्हणून वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मी घरोघर जाऊन नाणी साध्या पाण्यानं धुऊन द्यायचो. चिंच नाही, राख नाही. कुणी चिंच लावलेली दिसली की सणासुदीलाही माझ्या तोंडचा फराळ मिळायचा.

यंदा पहिलं घर धुरपदाबाईचं. ही बाई परभणीकडची, नवरा लूमवर. मुलगा संदीप चार वर्षांपूर्वी दहावी झाला.

"या मास्तर. चहा ठिवते," म्हणत तिनं वाटीत नाणं आणून दिलं.

हळद निघाली आणि माझा हात थांबला. राजाच्या गालावर, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, तिरपी चीर होती. ती चीर मी जगात कुठेही ओळखीन, कारण ती मीच पाडली होती. नवखा असताना, सुईनं मळ काढायच्या नादात. ती चूक आपल्याच घरात राहावी म्हणूनच ते नाणं मी दुसऱ्या कुणाला न देता हर्षदाला दिलं होतं. मग माझं नाणं धुरपदाबाईच्या वाटीत कसं?

मी चहा पिऊन उठलो. म्हटलं, अदलाबदल झाली असेल. म्हातारपण आहे, माझ्याच हातून काही झालं असेल.

दुसरं घर रंजनाचं, आमच्याच खान्देशातली. दारात तिची स्नेहा रांगोळीचे ठिपके मांडत होती. ती सध्या बी.कॉम.ला आहे, माझं सगळं बोलणं नीट ऐकणारी गल्लीत ती एकटी. रंजनानं नाणं दिलं, मी पाणी घातलं. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तीच चीर.

मी विचारलं, "रंजना, हे नाणं कोणी नेलं होतं का?"

"लोटूभाऊ लई गया व्हता ना नवरात्रमा," ती म्हणाली. "तुम्हीनच सांगेल शे म्हने, फोटो काढाना शेत. चिठ्ठीबी लई गया, प्लास्टिक चढाई देस म्हने. चिठ्ठी काही वापस उनी नही."

लोटू.

आता लोटू कोण ते सांगतो. आमच्याच मिलमध्ये घडी खात्यात होता. गावाकडून आला तेव्हा पहिले आठ महिने माझ्या खोलीत राहिला, माझ्या बायकोनं, प्रमिलानं, त्याला माझ्याआधी वाढलं. नाणं कडेनं धरायचं हे मी त्याला शिकवलं. चांदी घासून कशी दिसते, ओतीव नाण्याची कड कशी असते, खोटं कसं पकडायचं, सगळं मी शिकवलं. गेली काही वर्षं तो नाण्यांच्या प्रदर्शनांत टेबल लावतो. मोबाइल त्याला छान चालवता येतो म्हणून कोणाला कुठलं नाणं दिलं याची यादी आणि फोटोही त्याच्याकडेच. श्रावणात हर्षदाचं नाणं त्यानं फोटोसाठी चार दिवस मागून नेलं होतं. परत आणून दिलं तेव्हा मी ते सरळ देव्हाऱ्यात ठेवलं. लोटूच्या हातून आलेलं नाणं भिंगाखाली धरायचं, हे माझ्या मनातच आलं नाही.

घरी आलो. प्रमिला करंज्या तळत होती. मी देव्हाऱ्यातून नाणं उचललं आणि कापडाचे धागे मोजायचं जुनं भिंग काढलं. सुईची चीर पात्यासारखी असते, कडा धारदार. माझ्या हातातली चीर बोथट होती, लोण्यावर बोट फिरवावं तशी. ओतीव. सगळी माझ्याच नाण्यावरून साचा काढून ओतलेली, आणि माझं खरंही गेलं. तीन महिने मी रोज आंघोळ करून या खोट्यापुढे हात जोडत होतो.

"काय व्हयनं?" प्रमिलानं विचारलं.

"काही नही," मी म्हणालो आणि चप्पल घातली.

लोटू आता सुरतेबाहेर सचिन गावात राहतो. रिक्षा बदलत पोचलो तेव्हा तो दाराला तोरण बांधत होता. मी नाणं त्याच्या पुढ्यात धरलं. त्यानं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्टुलावरून उतरला. लाजेनं काळा पडेल असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही.

"दादा, बस ना," तो म्हणाला.

"किती घरं, लोटू?"

"सोळा. तीन जण गाव सोडी गयात."

"कुठे आहेत नाणी?"

"गयात. एकाच माणूसनी सगळा लिधात, तुना चिठ्ठ्यासकट. चिठ्ठ्या व्हत्यात म्हनीसनच लिधात." त्यानं हातातल्या तोरणाची गाठ आवळली. "चिडू नको दादा. मी कोनले फसाडेल नही. चांदी खरीच टाकेल शे. त्यासले काय फरक पडस? हळदकुंकू दोन्हीवर सारखंच चढस. ती पोरं एक दिवस तरी देखेत का? तिथं पडी पडी वाया जाई राहिंथात."

"माझं नाव सांगून नेलीस तू!"

"मंग दुसरं कोनं नाव सांगू? तुनं नाव सांगं की दार उघडस." आणि मग तो हसला. "तूच तीन महिना वळखं नही, दादा. एवढा मोठा मास्तर."

माझा हात उठला होता, खरं सांगतो. उठला आणि तसाच राहिला. कुंपणानंच शेत खाल्लं, हे आपण दुसऱ्यांच्या बाबतीत किती सहज म्हणतो. आतून त्याची बायको फराळाचं ताट घेऊन आली. मी त्यातल्या कशाला शिवलो नाही. निघताना म्हणालो, "मी गल्लीत सगळ्यांना सांगणार."

"सांग ना," तो म्हणाला. "नाणी वाटेल कोनी शेत? तूच. पन ती खरी व्हतीत याना कागद कोनाकडे शे?"

रिक्षात मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस दिवाळीच्या दिवशी शेअर रिक्षात रडतोय, शेजारचा गुजराती पोरगा संकोचून बाहेर बघतोय. चांदीचं दुःख नव्हतं. मी जन्मात एक गोष्ट मनापासून केली होती, वीस वर्षांची दोस्ती असलेल्या मित्रानं माझंच नाव वापरून ती घरोघरून उचलून नेली, आणि वर म्हणतो, कोणाला काय फरक पडतो.

फरक पडतो. मला पडतो. पोरांना पडतो. मी त्यांना शब्द दिला होता की हे खरं आहे, सतराशे वर्षं जुनं आहे. तो शब्द तरी राखायचा. मी ठरवलं, सुरुवात स्नेहापासून. ती समजून घेईल, मग बाकीच्यांना सांगायला सोबतही येईल.

संध्याकाळ व्हायच्या आत मी रंजनाच्या दारात पोचलो. रांगोळी भरून झाली होती, स्नेहा पणत्यांत वाती घालत होती. मी पायरीवर बसलो. शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "स्नेहा, तुझं नाणं खोटं आहे."

ती दचकली नाही. वात पिळत राहिली.

"माहीत आहे काका," ती हळूच म्हणाली. "दसऱ्यालाच कळलं. संदीपकडचं आणि माझं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. एकदम सेम. तुम्हीच सांगितलं होतं ना, जुळी नसतात म्हणून. मग बाकीच्यांची पण पाहिली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? सगळ्यांनी ठरवलं, काकांना काही बोलायचं नाही. तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलेलं." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आणि त्यात काय, काका. खरं नाणं किती महाग असतं. एकोणीस पोरांना खरी नाणी कोण वाटत बसेल?"

मला कळायला क्षणभर लागला. मग कळलं.

"मी नाही गं," मी म्हणालो. "मी खरीच दिली होती. लोटूनं नेली आणि बदलली. नवरात्रात नेली होती ना त्यानं? ती नेली तेव्हा खरी होती, स्नेहा. तुझ्या राजाचा अर्धा कान निसटलेला होता, आठवतं? चिठ्ठीत लिहिलं होतं मी."

तिनं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, मला दिसलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी पाच मिनिटं हातात धरलेलं नाणं, त्यानंतर हळदीखाली गेलेलं.

"हो काका, असेल," ती म्हणाली. माझी आई शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाल्यावर, मी गावाला पत्र टाकलंय, असं सांगायची, तेव्हा आम्ही याच आवाजात हो म्हणायचो.

"असेल नाही. होतंच."

"हो काका." तिनं हातातली पणती खाली ठेवली. "तुम्ही बसा ना. आई फराळ आणते."