रानरेडी

माझी बायको भागुबाई गेल्यावर म्हशी विकल्या आणि नाशिकजवळच्या एका प्राणी-आश्रयात राखणीला लागलो. तिथल्या गवीला, म्हणजे गव्याच्या मादीला, सगळे रानरेडी म्हणत, म्हणून मीही तिला म्हशीच्याच हिशोबानं बघायचो.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये ती व्याली. वासराला गवतात टाकून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला चरायला गेली, ती दुपारपर्यंत फिरकली नाही. म्हैस अशी रेडकाला सोडून राहत नाही. भागुबाईला दवाखान्यात न्यायला मी उशीर केला होता. या वेळी उशीर करायचा नव्हता. मी बाटलीत दूध भरलं.

डॉक्टर दीपमालाताईंनी वाटेत अडवलं. "कुठं निघालात, गोटीरामकाका?"

"आईनं टाकलंय त्याला."

"टाकलं नाही, लपवलंय. ती म्हैस नाही, काका. जंगलात वाघाला सुगावा लागू नये म्हणून गवी पहिले काही दिवस असंच करते. तुम्ही जवळ गेलात तर मात्र बिथरेल."

"अन् मेलं तर?"

"तर मला शिव्या द्या. पण चारपर्यंत थांबा."

थांबणं लय जड गेलं. साडेतीनला गवी गवताजवळ येऊन हलकेच हुंकारली. तांबूस वासरू धडपडत उठलं आणि कासेला लागलं.

"शिव्या वाचल्या माझ्या," ताई म्हणाल्या.

मी तिथंच खाली बसलो. कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली होती.