डिक्कीत राहिलेलं औषध

मित्रांनो, मी एक जुनी, काळ्या रंगाची मोटारसायकल आहे. गेले सात महिने मी छत्रपती संभाजीनगरमधल्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होते. टायरमधली हवा गेली, सीटमध्ये मुंग्यांनी घर केलं. माझ्या मालकावरून शहरात मोठा वाद झाला. तो कदाचित तुमच्याही कानांवर आला असेल. पण जे घडलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून सांगते.

माझे पहिले मालक कन्नडचे धोंडिबा गुरुजी. शाळेला जाण्याआधी ते मला रोज फडक्यानं पुसत. ते निवृत्त झाले आणि मी देवगाव रंगारीच्या अतुलकडे आले. अतुल फ्रिज दुरुस्त करायचा. गारखेड्यात एका खोलीत तो आणि त्याची बहीण सरिता राहत. सरिता नर्सिंग शिकत होती. आईवडील गावी होते. पाठीवर कॉम्प्रेसर बांधून मी त्याच्याबरोबर शहरभर हिंडले. लोक म्हणायचे, "अतुलला बोलवा, तो उगीच पार्ट बदलत नाही." ते ऐकून मलाही बरं वाटायचं.

अतुलला बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. दिवसातून चार वेळा त्याला इन्सुलिन घ्यावं लागे. त्याची निळी थंड पिशवी माझ्या बाजूच्या डिक्कीत कायम असे.

एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास चौकात नाकाबंदी होती. एका हवालदारानं आम्हाला थांबवलं. अतुलच्या डोक्यावर हेल्मेट होतं, लायसन्स होतं. फक्त पीयूसीची मुदत सहा दिवसांपूर्वी संपली होती.

"चूक झाली साहेब. रीतसर पावती करा," अतुल म्हणाला.

"मला कायदा शिकवतो का?" म्हणत हवालदारानं माझी किल्ली खेचून काढली.

अतुलनं त्याचा हात धरला. बस, एवढंच. मी तिथंच होते. त्यानं ढकललं नाही, मारलं नाही. पण कागदावर चढलं ते असं: सरकारी कामात अडथळा आणला, अंगावर धावून आला.

मला ठाण्याच्या आवारात आणलं. अतुलला माझ्यासमोरूनच आत नेत होते.

"साहेब, डिक्कीत माझं इन्सुलिन आहे. तेवढं काढू द्या."

"नाटक करू नको. चल आत."

औषध माझ्यापाशी होतं आणि मला तोंड नव्हतं.

दुपारी सरिता घरातलं दुसरं इन्सुलिन घेऊन धावत आली. ठाण्यात सांगितलं, "कोर्टात बोला." शनिवारी कोर्टानं अतुलला न्यायालयीन कोठडीत पाठवलं. "जेलमध्ये डॉक्टर असतो, तो बघेल," असं तिला कोर्टाच्या दारात कुणीतरी म्हणालं. रविवारी ती जेलच्या दारात उभी राहिली. "आज मुलाखत नाही. बाहेरचं औषध आत जात नाही." संध्याकाळी ती पुन्हा ठाण्यात येऊन हे सगळं सांगत होती तेव्हा तिच्या हातात ते इन्सुलिन तसंच होतं.

सोमवारी जामिनाची सुनावणी होती. त्याआधीच अतुल गेला. माझ्याशेजारी उभं राहून दोन शिपाई दबक्या आवाजात बोलत होते, "काल दिवसभर उलट्या करत होता म्हणे. पाणी मागत होता."

मग वाद पेटला. फाटकासमोर माणसं जमली, निळे झेंडे आले, मायकवाले आले. एक जण माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "हीच ती गाडी!" कुणाच्या तरी मोबाईलवर फिरत होतं की मी चोरीची आहे. मित्रांनो, माझे सगळे कागद अतुलच्या नावावर होते. पण मोबाईलशी वाद कोण घालणार?

समोर चतुराबाईंची चहाची टपरी होती. तिथं एक गृहस्थ म्हणाले, "पोलिसाचा हात धरायचाच कशाला? शुगरवाला माणूस, कधी ना कधी जाणारच होता."

चतुराबाईंनी किटली खाली ठेवली. "हात धरला म्हनून जीव घ्यायचा व्हय? तुमच्या घरी नाय का कुनाला शुगर?"

त्या गृहस्थांनी चहा अर्धा टाकला आणि ते निघून गेले.

बाराव्या दिवशी चौकशीसाठी न्यायाधीश मॅडम आल्या. पंचांसमोर डिक्कीचं कुलूप उघडलं. आत निळी पिशवी होती. बर्फाचं पाणी होऊन गेलं होतं. इन्सुलिनची दोन पेनं होती आणि सरिताच्या अक्षरातलं एक कार्ड: 'मला मधुमेह आहे. इन्सुलिन न मिळाल्यास माझ्या जिवाला धोका आहे.' मॅडमनी ते दोनदा वाचलं.

चौकशीचा अहवाल आला, दोघे पोलीस निलंबित झाले. खटला अजून उभा राहायचा आहे. मायकवाले दुसऱ्या बातमीकडे गेले. फाटकासमोर पुन्हा रिक्षा लागू लागल्या.

काल सरिता आणि तिचे वडील कडुबा मला न्यायला आले. कारकुनानं सहीसाठी कागद पुढे केला. सरिता वाचू लागली, "उजव्या आरशाला तडा. टाकीवर डाव्या बाजूस दोन इंच ओरखडा. मागचा इंडिकेटर फुटलेला. पेट्रोल अंदाजे दोन लिटर."

कडुबांनी विचारलं, "हे कवा लिव्हलं?"

"गाडी जमा केली त्या दिवशी," कारकून म्हणाला. "सगळं तपासून लिहावं लागतं."

"आन् माह्या लेकराचं काय लिव्हलं व्हतं?"

सरिता हलकेच म्हणाली, "बाबा, दादाच्या अटकेच्या कागदावर दोनच शब्द होते. प्रकृती ठीक."

म्हातारा बराच वेळ माझ्या टाकीवरच्या ओरखड्यावर बोट फिरवत राहिला. "एवढुसा वरखडा दिसला ह्यांना," तो म्हणाला. "लेकरू तोंडानं सांगत व्हतं, ते ऐकू नाय आलं."

सरितानं सही केली.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी वर्दी घालेल, कुणी खुर्चीवर बसेल, कुणाच्या हाती कुलपाच्या किल्ल्या येतील. समोरचा माणूस चुकला असेल, हुज्जत घालत असेल. पण तो 'मला औषध लागतं' म्हणाला, तर आधी ते त्याच्या हातात द्या. कोण बरोबर, कोण चूक, हे भांडण नंतर करा. निदान भांडायला तो असेल तरी.