दीपमाळेपाशी, दिवे लागताना

कार्तिकातली संध्याकाळ कृष्णेच्या पात्रात उतरत होती. आकाश आधी केशरी, मग डाळिंबी, मग गर्द जांभळं होत गेलं आणि प्रत्येक रंग नदीने निमूट झेलला. पैलतीरावरच्या उसाला तुरे आले होते, रुपेरी, रेशमी, वाऱ्याच्या प्रत्येक लहरीला मान देणारे तुरे. घाटाच्या काळ्या पायऱ्यांनी दिवसभराचं ऊन अजून अंगात धरून ठेवलं होतं. त्रिपुरी पौर्णिमा होती आणि चंद्र यायचा होता.

घाटेश्वराच्या प्रांगणात, दगडी दीपमाळेखाली, यामिनी उभी होती. मिरजेच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवणारी, हट्टी, हळवी यामिनी. तिचा हात सारखा पर्सकडे जात होता आणि रिकामाच परत येत होता. फोन घरी होता, कपाटात, साड्यांच्या खाली.

तो तिनेच तिथे ठेवला होता. शंतनू नागपूरचा, गुराढोरांचा डॉक्टर. ओळख इंटरनेटवर झाली, इंटरनेटवर वाढली, प्रेमही त्याच अदृश्य वाटेने ये-जा करत राहिलं. एकमेकांना प्रत्यक्ष त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एकदा बोलता बोलता तिने विचारलं, "इंटरनेट नसतं, तर तू मला सापडला असतास का?"

शंतनू हसला होता. तिला हसू आलं नाही. जे बोटाच्या एका स्पर्शाने मिळालं, ते तसंच निघूनही जाईल, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

म्हणून डाव मांडला तिनेच. एक दिवस असा जगायचा, जणू इंटरनेट जन्मालाच आलं नाही. नकाशा नाही, फोटो नाही, 'पोचलो' नाही, 'कुठे आहेस' नाही. घाटेश्वराच्या दीपमाळेपाशी, दिवे लागताना भेटायचं. भेट झाली तर लग्न. नाही झाली तर तो नकार समजायचा आणि पुन्हा कधी विचारायचं नाही. शंतनू फक्त "बरं" म्हणाला. अशा मुलीपुढे शहाणी माणसं एवढंच म्हणतात.

आणि काय दिवस उजाडला होता तो. एसटीच्या खिडकीतून तिने शाळूची हिरवी शेतं पाहिली, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी पाहिल्या, ओट्यावर केस विंचरणाऱ्या मुली पाहिल्या, आणि आजवर हे सगळं होतं कुठे, याचं तिला नवल वाटलं. रस्ता तिने माणसांना विचारला, आणि माणसांनी रस्त्याबरोबर आपली गावंही सांगितली. सारं जगच असं असतं तर? प्रत्येक थांब्यावर कुणीतरी कुणासाठी ताटकळलेलं. प्रत्येक निरोप कुणाच्या तरी पायांनी चालत आलेला. प्रत्येक चेहरा पाठ करून ठेवावा लागलेला. तिच्या छातीत धडधडत होतं, आणि ते तिला फार आवडत होतं.

पण सूर्य बुडाला. गुरवाने शेंड्याचे दिवे लावले, मग त्याखालचे, मग त्याखालचे. ज्योतींची ती सुवर्णमेखला एकेक कडं खाली उतरत आली. शंतनूचा पत्ता नव्हता.

पणत्यांची टोपली घेऊन बसलेल्या गुरवीण मावशी तिला केव्हापासून न्याहाळत होत्या. "बाई, कुणाची वाट बघताय? कुठल्या दीपमाळंपाशी ठरलंय? हितल्या, का घाटावरल्या?"

यामिनी गर्रकन मावशींकडे वळली. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिने ही दीपमाळ पाहिली होती, ही एकच. "घाटावर पण आहे?"

"हाय की. देवाच्या दोन हायत्या. गावाकडनं येणारं हितं थांबतंय, नावंतनं येणारं तिथं. दर सालाला कुणी ना कुणी चुकतंय."

रेल्वेचं स्टेशन पैलतीरावर होतं. शंतनू नावेनेच येणार होता. "मग मी खाली जाते."

"आणि त्ये वर आलं म्हंजे? ह्या गर्दीत दोघंबी फिरत बसलासा तर उजाडंस्तवर गावायचा न्हाईसा. चढा वर. दिवा मी देते. दिसत ऱ्हावा. खाली कुणी चुकलं असंल तर त्येबी असंच चढतंय."

यामिनी चढली. दिवे ठेवायला दगडातून बाहेर काढलेल्या एकेका हातावर अनवाणी पाय रोवत, ओढणी कमरेला खोचून चढली. मावशींनी पणती वर दिली. तिने वळून पाहिलं, आणि पायऱ्यांवरून वाहणाऱ्या माणसांच्या त्या काळ्या प्रवाहापलीकडे, पाण्याच्या काठावर, दुसरी दीपमाळ उजळत होती.

त्या दीपमाळेवर चढलेले सगळे दगडाकडे तोंड करून दिवे लावण्यात गुंतले होते. एकजण मात्र पाठ दगडाला टेकवून, पणती उंच धरून, वर देवळाकडे बघत होता. तो शंतनूच असेल याला पुरावा काही नव्हता. यामिनीने आपली पणती डावीकडून उजवीकडे नेली. खालची पणतीही गेली, डावीकडून उजवीकडे.

मग ती खालची ज्योत उतरली, पायऱ्यांना लागली. गर्दीत बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली. यामिनीचे डोळे तिच्याबरोबर प्रत्येक पायरी चढत होते. अर्ध्या वाटेवर ती ज्योत एकदम नाहीशी झाली.

यामिनीने शोधलं. नुसती डोकी, पागोटी, पदर, खांद्यावरची मुलं. हाक मारावी तर ढोल वाजत होते. खाली उडी घ्यावी, धावत सुटावं, असं तिला फार वाटलं. पण ती हलली नाही. आता शोधणं तिच्या हाती नव्हतं, दिसत राहणं होतं. हाताला कळ लागली, तेल मनगटावरून ओघळलं, तरी तिने पणती उंच धरली. आपण कुणाला इतकं हवं असावं, असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पूर्वेला उसाच्या तुऱ्यांमागून चंद्र वर आला, पिवळा, भरलेला, संथ.

"यामिनी."

तो खाली उभा होता. पडद्यावर उंच वाटायचा, प्रत्यक्षात जेमतेम तिच्याएवढाच. शर्ट घामाने चिंब, छाती भात्यासारखी चाललेली. आणि हात अजून वर, त्या हातात विझलेली पणती. ती विझल्याचं त्याला माहीतच नव्हतं.

"सापडलो असतो," धापा टाकत तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसली. एका हाताने दगड धरून ती खाली वाकली, आणि आपली ज्योत तिने त्याच्या वातीला लावली. त्याच्या पणतीत तेल थोडं उरलं होतं. वात आधी काळी राहिली, मग लाल झाली, मग तिने पेट घेतला.