पाचव्या मजल्याची सही

दादाचा गुडघा दुखायचा म्हणून तिने सह्या करून दिल्या. पन्नास सह्या, एका बैठकीत, चहा गार होईपर्यंत. पुढे जे काही झालं ते सगळं त्या गुडघ्यातून निघालं. धुलाईच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कोटातली चिठ्ठीसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाहीस, मग कोऱ्या कागदावर सही कशी केलीस, असं आज कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणते की भाऊ होता.

दादा ती राहते त्या सात मजली इमारतीचा केअरटेकर. तळमजल्यावर जिन्याशेजारच्या दोन खोल्या त्याला नोकरीबरोबर मिळालेल्या. पाचव्या मजल्यावरचं घर बहिणीला मिळालं तेही त्यानेच शब्द टाकला म्हणून. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा, तेव्हा सगळ्या अडीअडचणीला दादाच. इमारतीला लिफ्ट होती, पण तिच्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी इतकी वर्षं लटकत होती की आता पाटीच दुरुस्तीला आली होती.

तक्रारीची तिथे एक ठरलेली पद्धत होती. रहिवाशाने तक्रार लिहायची, केअरटेकरने ती मालकांच्या ऑफिसात पोचवायची. काम झालं की पिवळ्या स्लिपवर केअरटेकरने काय केलं ते लिहायचं आणि खाली रहिवाशाची सही घ्यायची. सही आली की तक्रार बंद. सहा दारं सहा वेळा वाजवायला नकोत म्हणून प्रत्येक मजल्याला एक मजलाप्रमुख होता आणि त्याची सही अख्ख्या मजल्याला लागू. एखादी तक्रार नव्वद दिवस उघडी राहिली तर मात्र शहराच्या आरोग्य खात्याला कळवावं लागे. पाचव्याची मजलाप्रमुख ती होती. तिला त्याचा थोडा अभिमानही होता, उगाच खोटं कशाला बोला.

सुरुवातीला दादा प्रत्येक सहीसाठी पाच जिने चढून यायचा. पायऱ्यांवर त्याचं पाऊल तिला ओळखू यायचं; एक जोरात, एक ओढत. ते ऐकलं की ती जिन्यात येऊन ओरडायची, “दादा, थांब रे तिथेच! मीच येते खाली.”

एका रविवारी तो तरीही वर आला आणि गुडघा धरून खुर्चीत बसला.

“हाक मारायची ना,” ती म्हणाली.

“तू घरी येतेस सातला, ऑफिस बंद होतं पाचला. चालायचंच. गुडघा आहे तोवर चढायचं.”

तिने त्याच्या हातातलं स्लिपांचं पुस्तक ओढून घेतलं. “आण इकडे. सगळ्यांवर करून ठेवते. काम झालं की वरचं तू भर.”

“अगं, कोऱ्यावर?”

“तुझ्याकडेच राहणार ना? का विकायला काढणारेस?”

तो हसला. ती सह्या करत गेली आणि तो एकेक पान उलटत गेला. ‘कोऱ्यावर?’ हे त्यानेच विचारलं होतं, याचा तिला पुढे फार त्रास झाला. म्हणजे त्या दिवशी त्याच्या मनात काही नव्हतं. जे आलं ते मागाहून आलं.

त्याच वर्षी न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, कपाटाच्या मागे, ताटलीएवढा काळा डाग उमटला. वास तिला लगेच कळला. पिशवीत विसरलेला ओला कोट आठ दिवसांनी दुकानात येतो, त्याचा वास असा असतो. बुरशी. अशा कपड्याला ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची, “साहेब, हे धुऊन जाणार नाही, आत शिरलंय.” पण भिंत काही टाकून देता येत नाही. दोन महिन्यांत डाग छतापर्यंत गेला, पोपडे अंथरुणावर पडू लागले आणि तिची नऊ वर्षांची लेक चिमणी खोकू लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. मग शाळेतून आल्यावर जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर बसायला लागली. कधीकधी तिचं दप्तर घ्यायला मामाही तीन मजले चढायचा आणि मामा-भाची तिसऱ्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून दम खायचे. “आपण दोघं म्हातारे,” मामा म्हणायचा, आणि चिमणी खोकत खोकत हसायची.

तक्रार लिहिली की दादा दोन-चार दिवसांत बादली घेऊन हजर. ब्लीच लावून भिंत पुसायचा, वरून पांढरा हात मारायचा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. या रंगाने तीन आठवडे काढले तरी पुष्कळ. “ऑफिसात सांगितलंय,” तो म्हणायचा. “आतला पाइप गळतोय. बघतो म्हणालेत.” मजल्यावरच्या सहाही घरांच्या तक्रारी ती गोळा करायची, स्वतःच्या वहीत तारीख टाकायची आणि दादाच्या हातात द्यायची.

समोरच्या घरात बस कंडक्टर बाई राहायची, म्हाताऱ्या आईला घेऊन. तोंडाने फटकळ. ती एकदा म्हणाली, “तुझा भाऊ आहे म्हणून काम होईल, असं तू म्हणतेस. मला वाटतं, तुझा भाऊ आहे म्हणूनच होणार नाही.”

तिला ते इतकं झोंबलं की आठ दिवस ती कंडक्टर बाईशी बोलली नाही.

शेवटी आरोग्य खातं आलं ते मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरमुळे. चिमणीच्या छातीला नळी लावून त्याने विचारलं, घरात ओल आहे का? आणि उत्तर ऐकून सरळ खात्याला पत्र लिहिलं. आठवड्याने तपासनीस बाई आली. तरुण, कमी बोलणारी, पायात जाड बूट. दोन तास दारंखिडक्या बंद ठेवायला लावून तिने हवा ओढून घेणारं एक डब्यासारखं यंत्र खोलीच्या मधोमध ठेवलं. मग दोन टोकदार पिनांचं मीटर भिंतीला टोचलं. नव्या पांढऱ्या रंगावर मीटर किंचाळायला लागलं. तिने हातोडीने हलकंच ठोकलं तर मूठभर प्लास्टर खाली आलं आणि मागची वीट गाळासारखी काळी निघाली.

“बघा,” चिमणीची आई उत्साहाने म्हणाली. कुणीतरी आपलं ऐकतंय याचंच तिला इतकं बरं वाटत होतं. “दोन वर्षं लिहितोय आम्ही. सगळ्या तारखा आहेत माझ्याकडे.” तिने वही पुढे केली. दारात कंडक्टर बाई आणि मजल्यावरची आणखी दोघंतिघं जमली होती.

तपासनीस बाईने वही चाळली. मग आपल्या पिशवीतून एक जाड फाइल काढली.

“मालकांच्या ऑफिसातून ही आणली. तक्रारी पोचल्यात. सगळ्या चार-पाच दिवसांत बंद झाल्यात.” तिने पिवळ्या स्लिपांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “‘पाइप तपासला, गळती नाही.’ ‘भिंत कोरडी.’ ‘सहाही घरांत ओल नाही, रहिवासी समाधानी.’ अशा त्रेचाळीस. कागदावर तुमचा मजला या इमारतीतला सगळ्यात निरोगी मजला आहे, बाई. सही तुमची आहे?”

सही तिचीच होती. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायची तिची सवय, तीही होती. वरचं अक्षर दादाचं, गोल गोल, लहानपणी त्याने तिला गिरवून दिलं होतं तेच.

“गेल्या वर्षी नळवाल्यांनी आतला मोठा पाइप बदलला,” तपासनीस बाई म्हणाली. “तळापासून चौथ्यापर्यंत. वरून तक्रार उघडी नव्हती म्हणून तिथेच थांबले.”

कंडक्टर बाई पुढे आली, वरची स्लिप उचलून तिने वाचली आणि परत ठेवली. “तू?” ती म्हणाली. फटकळ बाई, पण तेवढ्यावरच मागे फिरली.

“मला बाकीची घरं तपासायचीत,” तपासनीस बाई म्हणाली. “चारला परत येते. तुमचा जबाब लेखी हवा.”

बहीण पाच जिने उतरली ते तिला कळलंही नाही. दादा त्याच्या खोलीत टेबलाशी बसला होता, किल्ल्यांच्या जुडग्यांना चिठ्ठ्या बांधत. तिचा चेहरा बघून त्याने हातातलं जुडगं खाली ठेवलं. त्याला सगळं कळलं होतं.

“बस,” तो म्हणाला.

“नळवाले आले होते तेव्हा तू काय सांगितलंस त्यांना?”

“हे बघ, ऑफिसने सरळ सांगितलं होतं मला. आरोग्य खातं इमारतीत आलं की केअरटेकर बाहेर. नोकरीही आणि या खोल्याही. तुझ्या वहिनीला घेऊन कुठे जाणार होतो मी? एकदा-दोनदा तक्रार बंद केली. म्हटलं, पुसतो, रंगवतो, उन्हाळ्यात वाळेल आपोआप.”

“नळवाल्यांना काय सांगितलंस?”

त्याने जुडगं पुन्हा हातात घेतलं. “त्यांनी विचारलं, पाचव्याचं काही आहे का? मी कोरडं म्हणालो. इतक्या वेळा कोरडं लिहून दिल्यावर ओलं कसं सांगणार गं? आता तर त्रेचाळीस झाल्या—”

“मोजतोस तरी, बरं आहे.”

संताप तिच्या डोक्यात गेला होता. कुंपणानेच शेत खावं! परक्याने केलं असतं तर तिने शिव्या दिल्या असत्या, अख्खा मजला घेऊन ऑफिसात जाऊन बसली असती. इथे आपलेच दात, आपलेच ओठ. या माणसाने तिचा केसाने गळा कापला होता, आणि त्या माणसाचा गुडघा सुजला की अजूनही तिच्याच पोटात तुटत होतं.

“तिसऱ्याच्या पायरीवर तिच्या शेजारी बसायचास,” ती म्हणाली. “दप्तर मांडीवर घेऊन. तेव्हा तुला काही वाटायचं नाही?”

“वाटायचं,” तो म्हणाला. “म्हणून तर बसायचो.”

हे खरं होतं. म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

मग तो पुढे वाकला आणि हलक्या आवाजात, लहानपणी आईपासून काही लपवायचं असलं की बोलायचा तसा बोलू लागला. “ऐक माझं. तिला सांग, सगळं वाचून सही केली. मग ती काय लिहील? घरात हवा खेळत नाही, खिडक्या बंद असतात, ओले कपडे आत वाळत घालतात. तुझ्या नावाने एक नोटीस येईल, बाकी काही होणार नाही.”

“म्हणजे चिमणी खोकते ती माझ्यामुळे.”

“कागदावर गं. नुसतं कागदावर.”

टेबलाच्या उघड्या खणात स्लिपांचं पुस्तक होतं. तिने ते उचललं. सात स्लिपा उरल्या होत्या, वरून कोऱ्या, खाली तिची सही. दादाने हात पुढे केला, पण उठायला त्याला वेळ लागतो. तो उठेपर्यंत ती जिन्यात होती.

चारला तपासनीस बाई आली आणि टेबलाशी बसली. कंडक्टर बाई स्वतःच्या दाराला टेकून उभी होती. आत आली नाही, गेलीही नाही. चिमणी खिडकीपाशी गृहपाठ करत होती, मध्येच खोकत होती.

“जबाबासाठी कागद देऊ?” तपासनीस बाईने विचारलं.

“आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. तिने पुस्तकातली एक स्लिप फाडून समोर ठेवली आणि पेन उघडलं.

तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं. एक जोरात, एक ओढत. चिमणीने मान वर केली. “आई, मामा येतोय! मी जाऊन सांगू त्याला, नको चढू म्हणून?”

तोंडावर आलेले शब्द तिने गिळले. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळत होती. “बस तू,” ती म्हणाली. “येऊ दे त्याला.”

पाऊल दुसऱ्या मजल्यावर थांबलं, पुन्हा निघालं. ती लिहीत होती. ‘भिंत ओली आहे. दोन वर्षं ओली आहे. मुलगी आजारी आहे. पाइप कुणी तपासला नाही. आजवरच्या सगळ्या स्लिपांवरची सही माझी, पण ती मी कोऱ्या कागदावर केली होती. वरचं सगळं माझ्या भावाने लिहिलं.’ तिसऱ्यावर पाऊल बराच वेळ थांबलं. तिथली पायरी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि ‘भावाने’ या शब्दावर तिचं पेन अडखळलं. तिने तो खोडला नाही.

दादा दारात पोचला तेव्हा चौकट धरून उभा होता, घामाने भिजलेला. कंडक्टर बाईने बाजूला होऊन त्याला वाट दिली. त्याने टेबलावरची पिवळी स्लिप बघितली, बहिणीच्या हातातलं पेन बघितलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण दम इतका लागला होता की शब्द फुटेना.

“पाणी,” एवढंच तो म्हणाला.

तपासनीस बाईने स्लिप आपल्याकडे ओढून वाचली. “ठीक आहे. खाली सही करा.”

“ती आधीच केलेली आहे,” ती म्हणाली, आणि दादासाठी पाणी आणायला उठली.