लग्नातला देवमासा

संग्रहालयाच्या भिंतीवर उर्बानो चोवीस वर्षांचा होता आणि समोरच्या बाकावर ब्याऐंशीचा. त्याच्या बायकोला, देओलिंदाला, भिंतीवरच्या फोटोतला बरा वाटत होता, कारण तो निदान तोंड तरी उघडत नव्हता.

"अठरा मीटर!" बाकावरचा उर्बानो नातीला हात पसरून दाखवत होता. "शेपूट एवढी, की तिच्यावर आपलं सगळं घर मावलं असतं."

दोन्ही हात पसरून दीड मीटरही होत नव्हतं, पण मेगन डोळे मोठे करून बघत होती. देओलिंदाचा मुलगा जिल्बेर्तो अमेरिकेला गेला तेव्हा हाच देवमासा बारा मीटरचा होता. तो फॉल रिव्हरहून सुट्टीला आला की दर वेळी देवमासा थोडा वाढायचा. तिची पोरंसुद्धा कधी इतकी भराभर वाढली नव्हती.

फोटोखालच्या पाटीवर लिहिलं होतं: 'देवमाशांची शिकार करणाऱ्या या भालेकऱ्याने इशाऱ्याच्या दारूच्या बाणाचा आवाज ऐकताच नवरीला चर्चमध्ये सोडून समुद्र गाठला. देवमासा निसटला. त्याच संध्याकाळी भिजल्या कपड्यांनी त्याने लग्न केलं.' नवरीचं नाव लिहायला पाटीवर जागा उरली नसावी.

"आई, वाच ना!" जिल्बेर्तो म्हणाला. त्याने आयुष्यात साधा बांगडाही पकडला नव्हता, पण त्याच्या दंडावर देवमासा गोंदलेला होता. "असे पुरुष आता राहिले नाहीत."

"नाही राहिले. देवाची कृपा," देओलिंदा म्हणाली.

सून शेरी हसली. तिला वाटलं, सासूबाई गंमत करतायत.

आज मात्र देओलिंदा गंमत करायला आली नव्हती. मेगनला शाळेसाठी घराण्याची गोष्ट हवी होती. सकाळी गोड पावाला लोणी लावताना तिने विचारलं होतं, "आजी, आजोबा पळाले तेव्हा तुला काय वाटलं?" अठ्ठावन्न वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाच देओलिंदाने ठरवलं, की या फोटोसमोर उभं राहून खरं काय ते सांगून टाकायचं. तो देवमासा नव्हताच. तो बाण तिनेच सोडायला लावला होता.

लग्नाच्या आठवडाभर आधी तिने उर्बानोला सहज विचारलं होतं, "नेमका त्याच दिवशी देवमासा आला तर?" तो हसला होता. "देवमासा काय थांबणारे? तू थांबशील."

हे तिच्या डोक्यात गेलं. बेटावर लग्नाला बाण उडवतात ते ओळीने पाच-सहा, कडकड कडकड. एकटा बाण सुटला तर तो टेहळणीच्या चौकीवरचा, म्हणजे देवमासा. तिचा मामेभाऊ एर्मिनियो लग्नाचे बाण सांभाळत होता. त्याला तिने चर्चच्या पायरीवर कानात सांगितलं, "एकच उडव. मी आत गेले की." बघायचं होतं, थांबतो का.

कसला थांबतोय! पाद्रीबाबा 'उर्बानो, तुला ही' एवढं म्हणेपर्यंत उर्बानो दाराबाहेर होता, आणि त्याच्यामागे अर्धं वऱ्हाड. अठ्ठावीस माणसं सणाच्या बुटांनिशी चार बोटींत चढली. देओलिंदा संध्याकाळी सातपर्यंत डोक्यावरचा जाळीचा पदर सांभाळत बसली. आणि परत आल्यावर हा पठ्ठ्या छातीठोकपणे सांगतो, "मी डोळ्यांनी पाहिला. फवारा उडवला आणि बुडी मारली." चौकीवरचा म्हातारा लाउरिंदो तोवर शपथा घेत होता, की मी बाण सोडलाच नाही. उर्बानोचं ऐकल्यावर त्यालाही तो फवारा आठवला.

तेव्हापासून ती एका खोटारड्याबरोबर संसार करत होती, आणि स्वतःचं खोटं पदराखाली धरून होती. राग यायचा तो याचाच. त्याला खोटारडा म्हणायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं.

मेगनने फोन तिच्यापुढे धरला. "बोल, आजी."

देओलिंदाने मुलाच्या दंडाकडे पाहिलं. "मेगन, तो देवमासा नव्हता..."

धडाम्! बाहेर देवमाशांच्या जत्रेचा बाण फुटला. एकच. दारात बसलेले जुने शिकारी म्हातारे माना वर करून उभे राहिले आणि जिल्बेर्तो तर दोन पावलं पळालासुद्धा, कुठे ते त्याचं त्यालाच माहीत. सगळे एकमेकांना हसत दाराकडे गेले.

उर्बानो मात्र जागचा हलला नव्हता. तो बाकावरून तिच्याकडे झुकला.

"काय गं, हाही तूच सोडायला लावलास का?"

देओलिंदा मटकन त्याच्या शेजारी बसली. "एर्मिनियो बोलला?"

"तो मरेपर्यंत बोलला नाही. बये, वल्हं मारताना तोंड किनाऱ्याकडे असतं. चौकीवर धूर नव्हता. धूर होता तुझ्या बापाच्या द्राक्षमळ्यावर, आणि तुझा एर्मिनियो कुंपणावरून उडी मारत होता."

"मग वळायचं ना मागे!"

"आणि अठ्ठावीस जणांना काय सांगायचं? नवरीने बनवलं म्हणून? गावाने तुला जगू दिलं असतं? आणि नसतं सांगितलं तर खोट्या बाणाचा आळ लाउरिंदोवर, त्याची चौकीच गेली असती. कुणाला तरी देवमासा दिसायलाच हवा होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला. "एवढी वर्षं मला का नाही बोललास, म्हाताऱ्या?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

तेवढ्यात मेगन धावत आली. "आजी, काय म्हणत होतीस? देवमासा नव्हता म्हणजे?"

उर्बानो आपल्या बुटांकडे बघत राहिला. देओलिंदाने रुमालाने नाक पुसलं.

"नव्हता म्हणजे अठरा मीटरचा नव्हता," ती म्हणाली. "वीसचा तरी होता. चर्चच्या दारातून मी पाहिला ना."